डावा पाय, गुरुवार

मालनने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि डावा पाय माझ्यासमोर धरला. गोदामात आम्ही दोघीच होतो. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती, मी खाली फरशीवर.

"बघा," ती म्हणाली. "उजवा असा आणि हा असा."

उजव्या पायावर नेहमीच्या निळ्या गाठी होत्या. आमच्या दुकानात साड्या दाखवणाऱ्या सगळ्याच बायकांच्या पायांवर त्या असायच्या. डावा पाय वेगळा होता. पोटरी ताणलेली, चकचकीत. पैंजण मांसात रुतलं होतं. मी हात लावला तर गरम लागला.

सोमवारपासून दुखतोय, म्हणाली. काल गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, हे माझं काम नाही. सोलापूरचे शिरांचे डॉक्टर दर गुरुवारी बार्शीत येतात, बारा ते तीन. त्यांना दाखव, थांबू नकोस.

त्या दिवशी बुधवार होता.

"उद्या एक वाजता जा," मी म्हणाले. "मी भाऊंना सांगून ठेवते."

"नक्की ना इंदूताई?"

"नक्की. काढा घेतेस ना?"

"घेते की. आणि बिटाचा रसपण. जीभ एवढी लाल होते, आई म्हणते पान खायला लागलीस का."

ती हसली, मीही हसले. याला आता एकवीस वर्षं झाली.

*

दुकान बार्शीच्या बाजारपेठेत होतं. खाली साड्या, वर शालू आणि पैठण्या, मधे सोळा पायऱ्यांचा जिना. मालक वसंतभाऊ गल्ल्यावर. साड्या दाखवायला चार बायका, सकाळी दहापासून दुकान बंद होईपर्यंत उभ्या. भाऊंच्या वडिलांच्या काळात गादी होती. दाखवणारा आणि बघणारा दोघंही मांडी घालून बसायचे. भाऊंनी गादी काढून काउंटर केले. गिऱ्हाइकाला स्टूल दिलं, बायकांना जमीन. गिऱ्हाइकासमोर बाई बसली की दुकान आजारी दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच जमिनीवर मी चौदा वर्षं उभी राहिले आणि मग सुपरवायझर झाले. सुपरवायझरला खुर्ची होती. दाराजवळ, पंख्याखाली.

आदल्या वर्षी चौघींनी मिळून भाऊंकडे स्टुलं मागितली होती. बोलायला मालन पुढे होती. भाऊंनी मला बोलावून विचारलं, काय करायचं यांचं. मी म्हणाले, स्टुलांपेक्षा पायांसाठी काही प्यायला देऊ. माझ्या पायांच्या शिरा उतरल्या होत्या हे सगळ्यांनी बघितलं होतं. एका दिवाळी अंकातल्या आरोग्याच्या पानावरून मी बीट-आवळ्याचा रस आणि आलं, लसूण, दालचिनीचा काढा सुरू केला होता. तीन महिन्यांत पाय हलके झाले होते. पोरी विचारायच्या, ताई, कशाने? मी सांगायचे, याने.

भाऊंना कल्पना एकदम पटली. दुसऱ्या आठवड्यापासून अकरा वाजता प्रत्येकीला एकेक पेला मिळू लागला. आणि मी एका पुठ्ठ्यावर सवयी लिहून तो गोदामाच्या दाराला टांगला.

सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी. दिवसभरात आठ.
उभं राहून काम असेल तर दर अर्ध्या तासाने टाचा पन्नास वेळा वर-खाली.
झोपताना पंधरा मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर.
मीठ कमी, ताक जास्त.
पायावर पाय टाकून बसू नये.

शेवटच्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं: बसू तर द्या.

अक्षर कुणाचं ते मी ओळखलं होतं. पुसलं नाही.

आठ ग्लास पाण्याचं असं होतं, की संडासाची किल्ली भाऊंच्या गल्ल्यामागच्या खिळ्याला असायची. भरल्या दुकानात, पुरुषांच्या देखत ती मागायची आणि हातात धरून मागच्या बोळात जायचं. म्हणून पोरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थेंबही घशाखाली उतरू देत नसत. अकराचा पेला त्या गोदामातल्या बेसिनमध्ये ओतायच्या. मला ठाऊक होतं. बेसिन लाल झालेलं असायचं.

ओतायची नाही ती एकटी मालन. ती पेला रिकामा करायची आणि मग दीड वाजेपर्यंत मांड्या आवळून इरकलीच्या घड्या उलगडायची.

*

साडेदहा

गुरुवारी साडेदहाला वैरागची सुरवसे मंडळी बस्त्याला आली. एक जीप आणि एक टेम्पो भरून, बावीस माणसं.

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. नवरीच्या शालूपासून गड्याच्या धोतरापर्यंत. आमच्या दुकानात भाऊंच्या आईने घालून दिलेली एक रीत होती. बस्ता सवाष्णीने उघडायचा. पहिलं पातळ कुलदेवीचं, त्याला तिने हळदकुंकू लावायचं, आणि ज्या हाताने उघडला त्याच हाताने सगळा माल दाखवून शेवटी गाठोड्याची गाठ मारायची. मधे हात बदलायचा नाही. बदलला तर लग्नात विघ्न. त्या रीतीसाठी लोक सोलापूर सोडून आमच्याकडे यायचे.

चौघींपैकी दोघींची लग्नं व्हायची होती. शकूबाई विधवा. राहिली मालन. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी तिला सोडून निघून गेला होता. ती आईबरोबर राहायची. पण तो कुठंतरी जिवंत होता. "तेवढा एक उपकार केलाय त्यानं," मालन म्हणायची. "मेला असता तर माझे बस्ते गेले असते."

सुरवश्यांनी मालनचं नावच घेतलं. नवरीच्या थोरल्या बहिणीचा बस्ता तिनेच बांधला होता, संसार चांगला चालला होता, मग हाच हात पाहिजे म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही. मालनने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, एकपर्यंत होईल.

बावीस माणसांचा बस्ता एकपर्यंत होत नाही. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. तिने हळदीचं बोट पातळाला लावलं.

*

सव्वाबारा

माझ्या खुर्चीवरून काउंटरच्या मागची बाजू दिसायची. साड्यांचा ढीग मालनच्या छातीपर्यंत आला होता. नवरीची आत्या एकेक बाजूला सारत होती. हा रंग अंगावर मरतो, याचा काठ हलका, हे विहिणीला दिलं तर ती तोंडावर फेकेल. मालन हसत होती, दुसरी उलगडत होती, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होती. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आत्याबाई, विहीण फेकणार असेल तर जड काठाची नकोच, लागेल तुम्हाला," म्हणाली, आणि सगळी मंडळी हसली.

खाली तिच्या टाचा वर-खाली होत होत्या, पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे. मी मोजत बसले. फक्त उजवी हलत होती.

तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी तळहात दाखवला. थांब.

*

दोन वाजून दहा

सुरवसे मंडळींना भाऊंनी भजी मागवली. तेवढ्या वेळात मालन गोदामात आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"चप्पल जात नाही पायात," ती म्हणाली.

अनवाणीच होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत फुगला होता.

"तीनला जातात ते, ताई. रिक्षाने दहा मिनिटं. मी येते परत, बांधते बस्ता. तुम्ही फक्त त्या आत्यांना सांगा. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

"सगळं झालंय गं, शालूच राहिलाय."

"शालूला तीन तास घेतील ते."

"बस इथं. पाय दे."

मी तिळाचं तेल कोमट केलं. काढ्याची शेगडी तिथंच होती. तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यापासून गुडघ्याकडे चोळायला लागले, दोन्ही अंगठ्यांनी, जोर देऊन. रक्त वर ढकलायचं असतं, असं त्या पानावर होतं. मालनने पदर तोंडात धरला. मी तिला बोलत राहिले. म्हणाले, माझेही असेच व्हायचे, आपण बायका जरा दुखलं की घाबरतो, पुढच्या गुरुवारी सकाळीच जा, मी स्वतः येते तुझ्याबरोबर. दहा मिनिटं चोळला असेल. मग काढ्याचा पेला तिच्या हातात दिला. तिने तो एका दमात संपवला.

"आता कसं वाटतंय?"

"हलकं," ती म्हणाली.

ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

*

साडेदहा, पुन्हा

वर मी चुकीचं सांगितलं. सुरवश्यांनी मालनचं नाव घेतलं नव्हतं. थोरल्या बहिणीचा बस्ता आमच्याकडे बांधलेलाही नव्हता, तो सोलापूरला झाला होता. ती माणसं आमच्या दुकानात पहिल्यांदाच येत होती. आत्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या रीतीने करा. सवाष्ण द्या हाताची चांगली."

नाव मी घेतलं.

*

चार

शालूसाठी मालन तिसऱ्यांदा वर गेली. चार शालू छातीशी धरून खाली येताना नवव्या पायरीवर थांबली. आणि बसली.

त्या जिन्यावर मी कधी कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं. समोरच गिऱ्हाईक. गल्ल्यावरून भाऊंनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीवरून उठले, आठ पायऱ्या चढले आणि आवाज न चढवता म्हणाले,

"मालन, ऊठ. गिऱ्हाईक बघतंय."

"दम लागलाय," ती म्हणाली. ओठांचा रंग गेला होता. "छातीत कळ येतेय, ताई."

"ऊठ, वर जाऊन बस. इथं नको."

तिने उठायचा प्रयत्न केला. मग शालू माझ्याकडे सरकवले. एकेक नाही, चारी एकदम, घडी मोडू न देता. मी ते घेतले. दोन्ही हात भरले. त्यानंतर ती भिंतीच्या बाजूला कलंडली, आणि तिला धरायला मला हात नव्हता.

भाऊंच्या गाडीत तिला घातलं. शकूबाई बरोबर गेली. मी दारात उभी होते, माझाही एक पाय गाडीत होता, तेवढ्यात आत्या भाऊंना म्हणत असलेलं कानावर आलं. आमच्या पोरीचं काय, त्या विचारत होत्या. अर्धा बस्ता, आणि उघडणाऱ्या बाईला हे असं. असाच ठेवला तर अपशकुन, दुसऱ्याने बांधला तर अपशकुन. त्या रडकुंडीला आल्या होत्या. भाऊंनी हात जोडले. म्हणाले, दुसरा हात तितकाच चांगला असेल तर दोष लागत नाही, आमच्या आईने सांगितलंय. आईने असं काही सांगितलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"आहे का दुसरी सवाष्ण?" आत्यांनी विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळाकडे.

गाडी गेली. मी आत आले, हात धुतले, देवाला दिवा लावला. राहिलेला शालू दाखवला. मालनने आणलेल्या चारांपैकीच तिसरा त्यांना पसंत पडला. मग जरीच्या चौकोनी कापडात सगळा माल ठेवून गाठ मारली. आत्यांनी माझी ओटी भरली.

*

दवाखान्यात पोहोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. शकूबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. गाडीतच संपलं होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी समजावून सांगितलं. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली असणार, ती सुटून फुप्फुसात गेली. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखला, तर तो दिवस घालवायचा नसतो. आणि तसला पाय चोळायचा तर मुळीच नाही. "कुणी चोळला होता का?" त्यांनी विचारलं.

"आम्हाला काय माहीत, डॉक्टर," शकूबाई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी पदराने हात पुसत होते. तिळाच्या तेलाचा वास जात नव्हता.

त्या दिवाळी अंकातल्या पानावर तळाला दोन ओळी होत्या. एकच पाय सुजल्यास घरगुती उपाय करू नयेत, ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. वाचल्या होत्या मी. पुठ्ठ्यावर उतरवताना जागा संपली होती, म्हणून त्या सोडून दिल्या. आणि पान वर्षभर माझ्या कपाटात होतं.

*

साडेदहा, शेवटचं

सुरवसे मंडळी बसली. आत्या म्हणाल्या, सवाष्ण द्या. भाऊ माझ्या खुर्चीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मालन एकला जायचीय म्हणालात ना? मग हा बस्ता तुम्ही घेता का?"

त्यांनी विचारलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सुपरवायझरने बस्ता घ्यायचा नाही असा काही नियम नव्हता. माझं कुंकू धडधाकट होतं, रोज संध्याकाळी घरी येऊन पेपर वाचत होतं. मालनच्या आधी दुकानातले सगळे बस्ते माझ्याच हातचे. मी घेतला असता तर मालन एक वाजता रिक्षात बसली असती, आणि मी दिवसभर काउंटरमागे उभी राहिले असते.

मला उभं राहायचं नव्हतं.

एवढंच होतं. मालनचा मला राग नव्हता, हेवा नव्हता. खुर्चीत बसून पंधरा महिने झाले होते. पुन्हा एक दिवस, एकच दिवस, त्या फरशीवर काढायचा म्हटल्यावर पोटरीत कळ आली. नुसत्या विचाराने.

"मालन घेईल," मी भाऊंना म्हणाले. "तिला पुढच्या गुरुवारी जाता येईल. काढा घेतेय ती."

माझे पाय बिटाने बरे झाले नव्हते. काढ्याने नाही, भिंतीला लावूनही नाही. मला खुर्ची मिळाली तो महिना आणि शिरा उतरायला लागल्या तो महिना एकच होता. पोरी विचारायच्या, ताई, कशाने? तेव्हाही मला उत्तर माहीत होतं. पण खुर्ची म्हटलं असतं तर त्यांनी खुर्ची मागितली असती.

*

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी मालनच्या घरी गेले. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. तिची आई चुलीपाशी बसली होती. मला बघून तिने पोतं अंथरलं. मी तिला मावशी म्हणायचे.

भाऊंनी दिलेलं पाकीट मी तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते उचललं नाही. मग उठून फळीवरून एक डबा काढला आणि माझ्यासमोर उघडून धरला. दालचिनीच्या काड्या होत्या, अर्धा डबा.

"पहाटं मी सोता उकळून द्यायची," ती म्हणाली. "आलं ठेचून, लसूण ठेचून. तुमी सांगितलं तसं. तिला वास सोसायचा न्हाई, नाक दाबून प्यायची. पर प्यायची. रातच्याला पाय भितीला लावून पडायची. मी म्हणायची, काय येडेपणा लावलाय. तर म्हणायची, इंदूताईचे पाय बघ जा."

मी डब्याकडे बघत होते.

"तुमचे बरे झाले न्हवं त्यानं?"

"हो," मी म्हणाले.

"मग माझ्या लेकीचे का न्हाई झाले?"

ती भांडत नव्हती. आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि समजावून सांगू शकेल असं तिच्या ओळखीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पंधरा दिवस तिने हा प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवला असावा.

सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला मिळाला होता. चूल विझलेली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला घाई नव्हती.

"एखादा दिवस चुकला असेल, मावशी," मी म्हणाले.

तिने डबा मांडीवर घेतला. बोटांवर दिवस मोजायला लागली, ओठ हलवत. मागे मागे गेली. मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"चुकला," ती म्हणाली. "संकष्टीला. काढ्यात लसूण, आन तिचा उपास. ती पेत हुती वो. मीच म्हणले, आजच्या दिस राहू दे."

मी मान डोलावली.